भीती गेली, मग आता मॅटवर कशासाठी?

ताई,

मी २९ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी रात्री कामावरून परतताना एक माणूस माझ्या मागे मागे आला आणि त्याने माझा दंड धरला. मी किंचाळले, माणसं धावली, तो पळाला. ‘काही झालं नाही ना, मग झालं तर,’ असं सगळे म्हणाले. पण नंतर कित्येक महिने मागे पावलं वाजली की माझ्या पोटात गोळा यायचा. पुढच्याच महिन्यात मी ज्युदोचा क्लास लावला. आठवड्यातून तीन दिवस, सहा वर्षं. सुरुवातीला प्रत्येक डाव टाकताना डोळ्यांसमोर मुद्दाम त्या माणसाचा चेहरा आणायचे. आज माझा ब्राऊन बेल्ट आहे आणि चार महिन्यांनी ब्लॅक बेल्टची परीक्षा आहे.

आणि आता मला जावंसंच वाटत नाही. भीती राहिलेली नाही, तो चेहराही नीट आठवत नाही. बॅग भरताना हात जड होतात. क्लास बुडवला की मात्र दिवसभर गुन्हा केल्यासारखं वाटतं. सर म्हणतात, ‘इतकी वर्षं घातलीस आणि आता काठावर येऊन सोडतेस?’ बरोबरचे सगळे सांगतात की त्यांना ज्युदो आवडतो म्हणून ते येतात. मग वाटतं, मला तो कधी आवडलाच नाही. मी भीतीपोटी आले आणि सहा वर्षं नाटक केलं. परवा एका नव्या मुलीला पडायला शिकवत होते, तिचं डोकं सारखं मागे जात होतं, त्या नादात क्लास कधी संपला ते कळलं नाही. तेवढाच काय तो बरा दिवस.

सोडू का? आणि सोडलं तर ती भीती परत येईल का?

– एक वाचक

*

पहिल्यांदा ‘नाटक’ हा शब्द बाजूला काढू या, कारण तोच तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय असं दिसतं. आठवड्यातून तीनदा, सहा वर्षं. सुट्ट्या आणि आजारपणं वगळली तरी आठशेच्या आसपास वेळा तुम्ही त्या मॅटवर उभ्या राहिलात. तितक्या वेळा पाठीवर आपटून घेतलंत, उठलात, पुन्हा समोरच्याची कॉलर धरलीत. हे कुणी खोटं खोटं करू शकत नाही. तुम्ही भीतीपोटी आलात हे खरं आहे. पण भीतीपोटी आलेल्या माणसाचं शिकणं कमी प्रतीचं असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

ज्या कलेत तुम्ही सहा वर्षं आहात ती ज्यांनी उभी केली, त्यांचीच गोष्ट घ्या. जिगोरो कानो यांचा जन्म १८६० चा. अभ्यासात हुशार, पण अंगाने किरकोळ. शाळेतली दांडगट मुलं त्यांना त्रास द्यायची आणि त्यांचं काही चालायचं नाही. लहान चणीच्या माणसालाही दांडग्याला आडवं करता येतं असं ऐकून त्यांनी जुजुत्सूचा, म्हणजे जपानच्या जुन्या कुस्तीसारख्या युद्धकलेचा, गुरू शोधायला सुरुवात केली. घरच्यांचा पाठिंबा नव्हता. १८७७ मध्ये, सतरा वर्षांचे असताना, फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे त्यांचं शिक्षण सुरू झालं. म्हणजे सुरुवात कशातून झाली? मार खाण्यातून, असहाय वाटण्यातून. तुमच्या-माझ्यापेक्षा काही वेगळी नाही.

पाच वर्षांनी, १८८२ मध्ये, तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. तोवर त्या दांडगट मुलांचा हिशेब त्यांच्या मनात कुठे उरला होता? ते शिक्षक झाले होते. आपण मूळचे तापट होतो आणि सरावाने आपलं मन हळूहळू शांत झालं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढे ज्युदोची उद्दिष्टं मांडताना त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: शरीर घडवणं, लढता येणं आणि मन घडवणं. सतरा वर्षांच्या मुलाला यातली फक्त मधली हवी होती.

मला यातून दाखवायचंय ते एवढंच, की माणूस ज्या कारणाने येतो त्याच कारणाने टिकतो असं क्वचितच घडतं. तुमच्या बाबतीत पहिलं कारण संपलंय आणि दुसऱ्याला अजून नाव मिळालेलं नाही. ही मधली जागा फार ओकीबोकी वाटते. माणसं क्लास सोडतात त्या बहुतेक वेळा याच जागेवर.

आता पहिलं कारण का संपलं, ते जरा नीट बघू.

आपल्याला हलवणाऱ्या गोष्टींचे ढोबळ मानाने दोन प्रकार असतात. काही वेळा आपण कशापासून तरी लांब पळतो, काही वेळा कशाकडे तरी ओढले जातो. लांब पळवणारी प्रेरणा सुरुवातीला जबरदस्त असते. दाढ ठणकत असते तेव्हा माणूस रात्री अकरालाही डॉक्टर शोधतो, आणि ठणका थांबला की पुढची तारीख विसरून जातो. यात त्याचा आळस नसतो, त्या प्रेरणेचा स्वभावच तसा आहे.

तुमच्या पहिल्या वर्षाची कल्पना करा. क्लासला येताना पोटात तो गोळा असायचा. दीड-दोन तास घाम गाळला की तो सैल व्हायचा, बाहेर पडताना खांदे खाली आलेले असायचे. हा सुटकेचा अनुभवच तुमचं बक्षीस होता आणि दर क्लासला तो मिळत होता. नको असलेली गोष्ट दूर झाल्यामुळे एखादी सवय पक्की होते, याला मानसशास्त्रात नकारात्मक प्रबलन म्हणतात. नावावरून शिक्षेसारखं वाटतं, पण शिक्षेशी त्याचा संबंध नाही. आता पोटात गोळाच येत नाही, तर तो सैल होण्याचं सुख कुठून येणार? बॅग भरताना हात जड होतात ते म्हणून. सरावाने त्याचं काम चोख केलं, त्याचाच हा परिणाम आहे.

आणि काम खरंच झालंय, ही तुमची समजूत नाही. एलिझाबेथ ओझर आणि अल्बर्ट बंडुरा या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये स्वसंरक्षण शिकणाऱ्या स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. डाव अंगात मुरेपर्यंत करून घेतल्यावर त्या स्त्रियांचा ‘आपण प्रतिकार करू शकू’ हा विश्वास वाढला, हे तर अपेक्षितच होतं. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. नकोसे विचार डोक्यात फिरायला लागले की ते थांबवता येतील, हा विश्वासही वाढला. असुरक्षित वाटणं कमी झालं आणि आधी ज्या गोष्टी त्या टाळत होत्या त्या करायला लागल्या. हात शिकले आणि हातांच्या मागोमाग मनही शिकलं. तुम्हाला तो चेहरा आठवत नाही, ते याचमुळे असावं.

त्या चेहऱ्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. पत्रात तुम्ही तो उल्लेख जवळजवळ खंत वाटल्यासारखा केलाय, जणू इंधनच संपलं. मला वाटतं, तो गेला हे फार बरं झालं. राग असा ‘बाहेर काढला’ की मोकळं वाटतं, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे आणि क्लासमध्येही लोक एकमेकांना हेच सांगतात. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आधी विद्यार्थ्यांना त्यांच्या लिखाणावर झोंबणारी टीका करून चिडवलं. मग काहींना, ज्याने टीका केली त्याच्याबद्दल विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना शरीर कमावण्याचा विचार करत मारायला सांगितलं. उरलेल्यांना नुसतं काही मिनिटं शांत बसवलं. सगळ्यात जास्त राग कुणात उरला? माणूस डोळ्यांसमोर ठेवून मारणाऱ्यांमध्ये. आणि पुढे सगळ्यात कमी आक्रमक वागले ते शांत बसलेले. डोळ्यांसमोर चेहरा ठेवला की प्रत्येक ठोशागणिक त्या प्रसंगाची उजळणी होते.

ज्युदोत तर समोर बॅग नसते, माणूस असतो. तुमचा जोडीदार विश्वासाने आपलं अंग तुमच्या हातात देतो. म्हणून तुम्हाला एक विचारते. ओ-सोतो-गारी हा पाय काढून पाडायचा डाव मारता, समोरच्याचा पाय निघतो, तो हवेत असतो. त्या शेवटच्या क्षणी तुमचा हात त्याची बाही वर खेचून धरतो का? ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: फेकणाऱ्याने बाही धरून ठेवली तर पडणारा कुशीवर नीट पडतो, सोडून दिली तर वेडावाकडा आपटतो. हा अर्ध्या सेकंदाचा खेळ आहे. पहिल्या वर्षी, डोळ्यांपुढे तो चेहरा होता तेव्हा, तुम्ही बाही धरत होतात? माझी खात्री आहे की आता धरत असाल, आणि कुणी न सांगता धरत असाल. हा बदल केव्हा झाला, आठवून बघा. तुमची प्रेरणा कधी पालटली याचा खरा पुरावा तुम्हाला तिथे सापडेल. ‘मी का येते’ या प्रश्नाला तोंडाने दिलेल्या उत्तरापेक्षा मी अशा पुराव्यावर जास्त भरवसा ठेवते.

‘आवडतो म्हणून येतो’ असं म्हणणाऱ्या तुमच्या मित्रमंडळींचंही तेच. माझ्याकडे येणाऱ्यांत आणि माझ्याबरोबर शिकणाऱ्यांत मी जी कारणं ऐकलीत ती अशी: वडिलांनी ढकललं म्हणून, वजन उतरवायचं म्हणून, मैत्रीण जात होती म्हणून, शाळेत मार बसायचा म्हणून, घटस्फोटानंतर घरात संध्याकाळ खायला उठायची म्हणून. एका प्रौढ गृहस्थांनी मला सांगितलं होतं की दिवसभरात त्यांना कुणी स्पर्शच करत नाही, मॅटवर निदान कुणीतरी खांदा धरतं. सहा-सात वर्षांनी विचारलं की यातले सगळे ‘आवडतं म्हणून’ असंच सांगतात. खोटं बोलत नाहीत, पहिलं कारण विसरलेले असतात. तुमचं कारण विसरण्यासारखं नव्हतं, इतकाच फरक.

आता बेल्टकडे येते. इथे मला तुमच्या सरांशी थोडं असहमत व्हायचंय, त्यांच्याबद्दल आदर ठेवून.

‘इतकी वर्षं घातलीस’ हा युक्तिवाद ऐकायला मायेचा वाटतो, पण निर्णय घ्यायला तो उपयोगाचा नाही. ती वर्षं जाऊन झाली. ती तुमच्या पाठीत, पायांत, झोपेत जमा आहेत. परीक्षा दिलीत तरी आणि नाही दिलीत तरी. पुढची चार वर्षं कशी घालवायची, हे मागची सहा कशी गेली यावरून ठरवायचं नसतं.

दुसरं म्हणजे बेल्ट हे बक्षीस आहे की खबर आहे, यावर बरंच अवलंबून असतं. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. ही मुलं मुळात हौसेने चित्रं काढणारी होती. त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेनं नुसती मांडून ठेवली आणि लांबून पाहिलं. प्रमाणपत्राच्या बोलीवर चित्र काढलेली मुलं आता बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ पेनांकडे वळली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची हौस मात्र शाबूत होती. म्हणजे बिघाड प्रमाणपत्राने केला नाही, ‘यासाठी ते कर’ या बोलीने केला.

बेल्ट जेव्हा सांगतो की ‘तुझा तोल सुधारला, आता तू हे करू शकतेस’, तेव्हा तो खबर असतो आणि माणसाला बळ देतो. तोच जेव्हा ‘हा घेतल्याशिवाय तुझी सहा वर्षं फुकट’ असं म्हणायला लागतो, तेव्हा तो दोरी होतो. तुमच्या पत्रात मला दोरी दिसते. काळ्या बेल्टच्या पहिल्या पायरीला ‘शोदान’ म्हणतात. त्यातल्या ‘शो’चा अर्थ प्रारंभ असा आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं, तिथे शिक्षण संपतं.

हे मी अंगावर घेतलेलं आहे. मी शोदानची परीक्षा द्यायची ठरवली तेव्हा मला ती नको होती. आमच्या क्लासमधून त्या वर्षी कुणीतरी पास व्हायला हवं होतं आणि मी तयार होते, एवढंच. घोटलं, घोटलं आणि पास झाले. नवा बेल्ट बांधला त्या संध्याकाळी मला काहीही वाटलं नाही. घरी येऊन तो घडी करून कपाटात ठेवला आणि पुढचं दीड वर्ष मॅटवर पाऊल टाकलं नाही. शिकवणाऱ्यांचा माझ्यावर लोभ होता, त्यांनी वाईट चिंतलं नव्हतं. पण त्या महिन्यांत ‘तुला हवंय का’ असं मला एकदाही कुणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला इतक्या कळकळीने लिहितेय.

क्लास बुडाल्यावर दिवसभर गुन्हा केल्यासारखं वाटतं, हे वाक्य मी अधोरेखित करून ठेवलंय. रॉबर्ट व्हॅलरँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये आवडीच्या दोन जाती मांडल्या. एक आवड आयुष्यात बाकीच्या गोष्टींशी मिळूनमिसळून राहते. दुसरी मानगुटीवर बसते. तिच्यात ‘करावंसं वाटतं’ पेक्षा ‘केलंच पाहिजे’ जास्त असतं. ओळखायची खूण सोपी आहे. एक दिवस जाता आलं नाही तर रुखरुख लागते की अपराधी वाटतं? रुखरुख म्हणजे काहीतरी चांगलं हुकलं. अपराधीपणा म्हणजे कुणीतरी रागावणार आहे. तुमच्या बाबतीत रागावणारं कोण? मला शंका आहे की ती तेवीस वर्षांची तुम्हीच आहात, जिने मनाशी शपथ घेतली होती की पुन्हा कधी असहाय व्हायचं नाही. तिच्या दृष्टीने एक क्लास बुडवणं म्हणजे पहाऱ्यावर झोपणं होतं. तिला आता सांगायला हवं की पहारा संपलाय.

ब्राऊन बेल्टच्या पायरीवर आणखी एक गोष्ट घडते, ती फारशी बोलली जात नाही. पांढऱ्या बेल्टवर दर आठवड्याला काही ना काही नवीन जमतं. आज उजवीकडे पडता आलं, आज पहिल्यांदा कुणाला तरी पाडलं. ब्राऊन बेल्टवर एका पायाचा कोन सुधारायला पाच महिने लागतात आणि तो सुधारला हे तुमच्याशिवाय कुणाला दिसतही नाही. आपण पुढे जातोय ही जाणीव माणसाला फार लागते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी प्रेरणेवर आयुष्यभर जे काम केलं त्यात त्यांनी तीन मूलभूत गरजा मानल्या: आपलं वागणं आपण ठरवलेलं असावं, आपल्याला काही नीट जमावं, आणि आपण कुणाचे तरी असावं. या तिन्ही भागल्या की माणसाला बाहेरून रेटावं लागत नाही. तुमचं काय झालंय बघा. येण्याचा निर्णय भीतीने घेतला होता, परीक्षेचा सर घेतायत, म्हणजे तुमचा निर्णय अजून झालेलाच नाही. जमण्याचा आनंद या पायरीवर आपोआपच आटलाय. राहता राहिली तिसरी.

आणि नेमकं तिथेच तुम्ही ते एक वाक्य लिहिलंय, जाता जाता, जणू त्याला महत्त्व नाही. नव्या मुलीला पडायला शिकवत होते, क्लास कधी संपला ते कळलं नाही.

मला तुमच्या सबंध पत्रात हे वाक्य सगळ्यात मोठं वाटलं. ज्या बाईला बॅग भरवत नाही, तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं नाही. काय चाललं होतं तेव्हा? एक घाबरलेली मुलगी होती. मागे पडायचं म्हटलं की अंग ताठ करायची, डोकं मागे टाकायची. तुम्ही गुडघ्यावर तिच्याशेजारी बसला असाल, एक हात तिच्या मानेमागे धरला असेल. पडताना माणूस का ताठरतो, हे तुम्हाला पुस्तकातून कळलेलं नाही, सहा वर्षांपूर्वी तुमचंच अंग तसं ताठरलं होतं. क्लासमध्ये तुमच्यापेक्षा जोरकस, चपळ लोक असतील, पण भीती अंगात कुठे जाऊन बसते हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. तुम्हाला ‘नाटक’ वाटणारी ती सुरुवात त्या संध्याकाळी तुमच्या हातात कामाला येत होती.

मी असं म्हणत नाही की तुम्ही शिकवणारीच व्हा. एका संध्याकाळवरून एवढं ठरवता येत नाही. कदाचित तुम्हाला त्या मुलीच्या निमित्ताने पडण्याकडे पुन्हा नव्याने बघायला मिळालं, तेच आवडलं असेल. कदाचित त्या दिवशी कुणी तुमच्याकडे परीक्षार्थी म्हणून बघत नव्हतं, म्हणून मोकळं वाटलं असेल. हे शोधायला हवं, आणि ते घरी बसून विचार करून सापडणार नाही.

म्हणून माझं सांगणं असं. आज सोडू नका आणि परीक्षेचा फॉर्मही भरू नका. सरांना एकांतात गाठा आणि सरळ सांगा की पुढचे सहा आठवडे मला परीक्षेचा विषय नकोय. ‘कंटाळा आलाय’ असं म्हणू नका, ते समजूत काढायला बसतील. ‘मी कशासाठी येते ते मला बघायचंय,’ एवढं म्हणा. जुने शिक्षक हे वाक्य ओळखतात, त्यांच्यावरही ती वेळ येऊन गेलेली असते. तीनऐवजी दोन दिवस जा आणि ते दोन कुठले हे तुम्ही ठरवा. त्यातला एक तास नव्या लोकांबरोबर मागून घ्या. दुसऱ्या दिवशी रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळी सरावाची झुंज, करा, पण जिंकण्याची रांदोरी नको. तुम्हाला कधीच न जमलेला एखादा डाव घ्या आणि तो फसला तरी चालेल असं जोडीदाराला आधीच सांगून ठेवा. पांढऱ्या बेल्टवरचा तो ‘जमतंय, जमतंय’चा आनंद ब्राऊन बेल्टवर असाच परत मिळवावा लागतो.

घरी आल्यावर अंघोळीच्या आधी दोन ओळी लिहा. काय शिकले ते नको. कुठल्या क्षणी घड्याळ विसरले आणि कुठल्या क्षणी सारखं घड्याळाकडे बघत होते, एवढंच. सहा आठवड्यांत अशा बारा नोंदी होतील. त्या एका बैठकीत वाचा.

त्या नोंदींत घड्याळ विसरल्याचं एकदाही आलं नाही, तर खुशाल सोडा. हे मी मनापासून सांगतेय. एखादी विद्या आपलं काम करून आयुष्यातून बाहेर पडू शकते, त्यात तिचा अपमान नाही आणि तुमचाही नाही. फक्त हळूहळू येणं बंद करून गुपचूप नाहीशा होऊ नका. शेवटच्या दिवशी जा, रांगेत बसा, वाकून नमस्कार करा, ज्यांनी तुम्हाला आठशे संध्याकाळी पडू दिलं आणि उठवलं त्यांना सांगून निघा. मी कपाटात बेल्ट ठेवून गायब झाले होते आणि परत जाताना दाराशी पाऊल अडखळलं होतं.

राहिला शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुमचा खरा पहिला प्रश्न आहे. सोडलं तर भीती परत येईल का?

डाव थोडे गंजतील. वेग, दम, पकड सराव थांबला की उतरतात. पण ‘माझ्याच्याने होतं’ हा विश्वास कुणी पाठ थोपटून दिलेला नसून स्वतः करून मिळवलेला असला, तर तो सहजासहजी उतरत नाही. माणसाने स्वतः करून पाहिल्यावर आलेल्या विश्वासालाच बंडुरांनी सगळ्यात भक्कम मानलं ते याचसाठी. एखाद्या रात्री मागे पावलं वाजतील आणि पोटात काहीतरी हलेल. ते हलणं कधीच पूर्ण बंद होत नाही आणि होऊही नये, ते तुमचं रक्षण करतं. पण ते हललं म्हणजे सहा वर्षं पुसली गेली असं समजू नका. मात्र रात्री दचकून जाग यायला लागली, तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे यायला लागला, रस्ते टाळावेसे वाटले, तर मॅटवर परत धावण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. क्लास हा उपचाराला जोड आहे, उपचार नव्हे. सहा वर्षांपूर्वी ‘काही झालं नाही ना’ म्हणून ज्यांनी विषय संपवला त्यांच्या हे लक्षात आलं नाही. झालं होतं. तुम्ही ते एकटीने, हातात येईल त्या साधनाने निस्तरलंत. त्याबद्दल मला तुमचं फार कौतुक वाटतं.

त्या नव्या मुलीचं डोकं सारखं मागे जात होतं म्हणालात. तिला ‘हनुवटी आत घे’ असं सांगून उपयोग होणार नाही, घाबरलेल्या माणसाला हनुवटी कुठे आहे तेच कळत नाही. तिला सांगा, पडताना स्वतःच्या बेल्टच्या गाठीकडे बघत राहा, ती दिसेनाशी होऊ देऊ नकोस. नजर गाठीवर राहिली की मान आपोआप वाकते आणि डोकं मॅटला लागत नाही. आधी बसून करून घ्या, मग उकिडवं, उभ्याने सगळ्यात शेवटी. पहिले दोन-तीन दिवस मानेमागचा तुमचा हात काढू नका.